कॅमेऱ्याचं किट कसं वाहायचं : सोलापुरात नव्याने फोटोच्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी

नवीन पोरगा कामाला आला की मी त्याची सॅक उघडून बघत नाही, आधी उचलून बघतो. बहुतेक वेळा एका हाताने उचलत नाही. मे महिना, अक्षता दुपारी साडेबाराच्या, कार्यालय अक्कलकोट रोडला, आणि पोराच्या पाठीवर घरात होतं नव्हतं ते सगळं. तासाभरात त्याचा डावा खांदा खाली येतो. मग तो सॅक कुठल्यातरी खुर्चीवर टेकवतो, आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर लेन्ससाठी ती खुर्ची शोधत फिरतो. तोपर्यंत अंतरपाट खाली आलेला असतो.

‘दादा, बॅग कुठली घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो, कामावर जातोस कशाने? गाडीवर, रिक्षाने की कारने? आणि तिथे गेल्यावर बसायला मिळतं की दिवसभर उभाच? या दोन गोष्टी कळल्याशिवाय बॅगेवर पैसे घालू नका. खाली मी ज्या क्रमाने शिकवतो त्याच क्रमाने लिहिलं आहे.

आधी काटा

किट घ्या आणि घराजवळच्या किराणा दुकानात जा. दुकानदार ओळखीचा असेल तर एकेक वस्तू काट्यावर ठेवू देतो. आकडे कागदावर लिहून काढा. माझं जुनं किट असं भरलं होतं : कॅनन ५डी मार्क ४ बॉडी, म्हणजे लेन्सशिवाय नुसता कॅमेरा, बॅटरीसकट ८९० ग्रॅम, २४-७० एफ २.८ लेन्स ८०५, ७०-२०० एफ २.८ लेन्स १४८०, फ्लॅश सेलसकट साधारण साडेपाचशे. झाले ३ किलो ७०० च्या वर. दुसरी बॉडी घेतली की साडेचार किलो ओलांडले. त्यात दोन किलोचा ट्रायपॉड. आणि आता कुणीच न मोजणारी गोष्ट, रिकामी सॅक. चांगल्या फोमची मोठी सॅक रिकामीच दीड-दोन किलो असते. पाण्याची लिटरची बाटली म्हणजे अजून एक किलो. बेरीज नऊ किलोच्या पुढे गेली, आणि अजून चार्जर, ट्रिगर, डबा यांना हात लावलेला नाही.

आता त्याच कागदावर प्रत्येक वस्तूपुढे लिहा, मागच्या तीन कामांत ही किती वेळा बाहेर काढली. इथे खरी गंमत येते. माझ्या कागदावर ट्रायपॉडपुढे शून्य होतं. तीन लग्नं मी तो घरून नेला आणि घरी आणला. एका जागी टिकून काढायचं काम नसेल तर तो घरी राहू दे. ७०-२०० ची एफ ४ वाली ७८० ग्रॅमची आहे, म्हणजे एफ २.८ च्या जवळपास निम्म्या वजनाची. एफचा आकडा मोठा म्हणजे आत उजेड कमी, पण दिवसा मोकळ्या मांडवात ती चालून जाते. रात्रीच्या रिसेप्शनला, अंधाऱ्या हॉलमध्ये मात्र मी मोठीच नेतो. ५० एमएम एफ १.८ फक्त १६० ग्रॅमची आहे. ती नेहमी असू द्या, खिशातसुद्धा बसते.

सॅक की साइड बॅग

नवशिक्याने पहिली वस्तू सॅकच घ्यावी असं माझं मत आहे, पण ती बघायची कशी ते ऐका. दुकानात रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघू नका. स्वतःचं किट घेऊन जा, भरा, आणि दहा मिनिटं दुकानातच उभे राहा. दुकानदार कंटाळला तरी चालेल. कमरेचा पट्टा रुंद आणि भरलेला हवा, आणि तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. तो नीट आवळला की वजन खांद्यावरून कमरेवर उतरतं. लगेच कळतं, खांद्यावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं घालायला जागा होते. तसं झालं नाही तर सॅक तुमच्या उंचीची नाही. काही सॅकना कमरेला नुसती बारीक नाडी असते, ती दाखवण्यापुरतीच.

दुसरी गोष्ट चेन कुठे उघडते. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक गर्दीत बरी, कारण ती पाठीवर असेपर्यंत कुणाला हात घालता येत नाही. आणि काळाकुट्ट रंग टाळा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा काळी सॅक उन्हात हात लावण्याजोगी राहत नाही. राखाडी, खाकी, फिकट हिरवी बघा. कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात लिहिलेली बॅगही मला आवडत नाही. रेल्वे स्टेशनवर सगळ्यांना कळायला हवं का, आत काय आहे ते?

साइड बॅग, म्हणजे एका खांद्यावरची, लवकर हाताशी येते म्हणून पत्रकार मंडळींना आवडते. एक बॉडी, दोन लेन्सपर्यंत ठीक. त्यापुढे एकच खांदा भरून येतो आणि दिवसभराने मान आखडते. ती घेतलीच तर पट्टा डोक्यातून आडवा घाला आणि तासातासाने बाजू बदला.

पैसे कमी असतील तर शाळेची चांगली शिवलेली सॅक घ्या आणि आत कप्प्यांचा फोमचा ठोकळा बसवा. तो वेगळाही मिळतो. माझ्या पहिल्या सॅकमध्ये जुन्या सोलापुरी चादरीचे चार पदर शिवून कप्पे केले होते. शिंप्याने हसत हसत शिवून दिले. ती सॅक पाच वर्षं चालली, शेवटी चेन गेली, चादर नाही गेली.

भरायचं कसं

जड वस्तू पाठीला लागून, मधल्या उंचीवर. जड लेन्स बाहेरच्या बाजूला गेली की सॅक मागे ओढते आणि तुम्ही पुढे वाकून चालायला लागता. बॉडीला लेन्स लावलेलीच ठेवा, म्हणजे काढली की लगेच फोटो. पण फ्लॅश बॉडीवर लावून सॅकमध्ये कोंबू नका, त्याचा पाय तिथेच तुटतो. लेन्सचा हुड उलटा फिरवून लावा.

लेन्स गुंडाळायला आपल्या गावात दुसरं काही शोधायची गरजच नाही. नॅपकिन घ्या, टेरीचा, सुती. पण नवा नॅपकिन तसाच वापरू नका. त्याचे तूस निघतात आणि लेन्सच्या मागच्या काचेवर जाऊन बसतात. दोन-तीन वेळा धुऊन, वाळवून मग वापरा. आणि गुंडाळण्यापुरताच, काच पुसायला नाही. काचेसाठी वेगळं मऊ कापड चेनच्या पिशवीत ठेवा. बॉडीभोवती मी पंचा गुंडाळतो, तो पातळ असतो, त्याचे तूस नाहीत, आणि दुपारी घाम पुसायला दुसरा पंचा बाहेरच्या खिशात असतोच.

बॅटऱ्यांची एक सवय पहिल्या दिवसापासून लावा. भरलेल्या बॅटरीला रबर, संपलेल्याला नाही. फ्लॅशचे सेल सुटे टाकू नका, चिल्लर किंवा किल्लीला लागून शॉर्ट होतात, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. आणि शूट झालेली कार्डं कधीही सॅकमध्ये नाहीत. ती अंगावर, चेन असलेल्या खिशात. सॅक गेली तर वस्तू जातात, कार्ड गेलं तर लग्न जातं, आणि लग्न परत काढता येत नाही.

आणखी एक नियम, माझा सगळ्यात कडक. झाकण टाकलं की चेन लागलीच पाहिजे, अगदी दोन पावलं जायचं असलं तरी. ‘आता उघडायचीच आहे’ म्हणून चेन न लावलेली सॅक कुणीतरी बाजूला सरकवायला म्हणून उचलतं, आणि लेन्स फरशीवर गडगडत जाते. तो आवाज मी एकदा ऐकला आहे.

गाडीवरून नेताना

सोलापुरात निम्म्याहून जास्त नुकसान कामावर होत नाही, जाता-येता होतं, असा माझा अनुभव. सात रस्त्याहून जुळे सोलापूरला जाताना किती खड्डे आणि किती गतिरोधक, ते तुम्हाला मी काय सांगायचं.

किट गाडीच्या कॅरिअरला बांधू नका, पुढे हुकाला अडकवू नका, पाय ठेवायच्या जागेतही ठेवू नका. पाठीवर घ्या. तुमचं अंग धक्का खातं, त्यातला निम्मा सॅकपर्यंत पोचत नाही. गाडीच्या सांगाड्याला लागून असलेल्या सॅकला मात्र इंजिनची बारीक थरथर सतत बसते, आणि त्या थरथरीने लेन्सचे स्क्रू हळूहळू ढिले होतात. महिनोन्महिने काही कळत नाही, मग एक दिवस झूमची रिंग डुगडुगायला लागते.

स्कूटरची डिकी तर विसराच. सीटखाली इंजिनची उष्णता येते, वरून ऊन, आणि झाकण बंद. एका मे महिन्यात मी बॉडी आणि फ्लॅश डिकीत टाकून तुळजापूरला गेलो, पंचेचाळीस किलोमीटर. पोचून कॅमेरा हातात घेतला तर पकडीचं रबर एका कोपऱ्यातून उचललेलं, खालचा गोंद चिकट होऊन बोटाला लागायला लागला. दिवसभर ते रबर अंगठ्याने दाबून धरत फोटो काढले. देवीच्या दारात शिव्या तरी कुणाला द्यायच्या!

ट्रायपॉड न्यायचाच असेल तर सॅकच्या बाजूला उभा बांधा. पाठीवर आडवा बांधला की त्याची दोन्ही टोकं खांद्याबाहेर जातात आणि नवी पेठेच्या गर्दीत पहिल्यांदा कुणाच्यातरी हँडलला अडकतात. गाडीवर बसण्याआधी सॅकच्या लोंबणाऱ्या पट्ट्या आत खोचा, चाकात जातात. मागे हेल्पर बसणार असेल तर सॅक त्याच्या पाठीवर. तुमच्या दोघांच्या मधे ती दबते. ब्रेक मारला की तो पुढे येतो आणि सगळा भार सॅकमधल्या लेन्सवर.

कारने गेलात तर सुख. फक्त उन्हात लावलेल्या गाडीत किट सोडू नका. जेवायला उतरलात तरी सॅक बरोबर घ्या. अगदीच ठेवावी लागली तर सीटखाली, सावलीच्या बाजूला, वरून पांढरा टॉवेल. मुंबईची ऑर्डर असेल तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये खालच्या बर्थखाली ठेवून झोपू नका. सॅक उशीला आणि पट्टा हाताला गुंडाळून. मान आखडते, पण सकाळी सॅक असते.

लग्नात

लग्नात सॅक ही फक्त आणण्यापुरती आणि नेण्यापुरती. पोचल्यावर दहा मिनिटं काढा आणि किट अंगावर घ्या. दोन खांद्यांवरून जाणारा दुहेरी पट्टा बरा, एका बाजूला २४-७० वाली बॉडी, दुसऱ्या बाजूला ७०-२०० वाली. कमरेच्या पट्ट्याला एक पाऊच, त्यात जास्तीचे सेल, एक बॅटरी, रिकामी कार्डं. बास. कमरेला चार-चार पाऊच लावून पंगतीतून जाणारे फोटोग्राफर मी बघितले आहेत. वाढप्याच्या आमटीच्या बादलीला धडकतात.

दुहेरी पट्ट्यावर मोठी लेन्स लटकवायची तर लेन्सच्या पायाला, म्हणजे ट्रायपॉड लावतात त्या कॉलरच्या पायाला लटकवा. बॉडीला लटकवली की सगळं वजन बॉडी आणि लेन्सच्या जोडावर येतं.

आता पट्ट्याचा स्क्रू. तो बॉडीखालच्या आट्यांत बसतो. चालताना कॅमेरा झुलतो आणि झुलता झुलता तो स्क्रू सुटतो. माझा सुटला होता, हळदीच्या दिवशी, बरोबर नवरदेवासमोर. बॉडी गुडघ्याच्या उंचीवरून सतरंजीवर पडली म्हणून वाचली. ज्या स्टुडिओत मी हेल्पर होतो तिथले मामा लांबून बघत होते. जवळ येऊन एवढंच म्हणाले, ‘बे, सकाळी चहा घेतलास का? तेवढ्याच वेळा स्क्रू बघायचा.’ तेव्हापासून मी चहाचा कप खाली ठेवला की स्क्रूवर बोट फिरवतो. शिवाय पट्ट्यापासून बॉडीच्या कडीपर्यंत एक जाड दोरी जास्तीची बांधा. स्क्रू सुटला तरी कॅमेरा दोरीवर लटकेल.

रिकामी सॅक कुठे ठेवायची? स्टेजच्या मागे नको, तिथे दिवसभर सगळ्यांची ये-जा असते आणि तिथल्या पिशव्यांकडे कुणीच बघत नाही. नवरीच्या खोलीत, घरातल्या एखाद्या थोरल्या बाईला सांगून, आणि सायकलची साखळी कपाटाच्या किंवा सोफ्याच्या पायाला लावून. हळदीच्या दिवशी सॅक बंद आणि लांब. ओल्या हळदीचा हात पट्ट्याला लागला की तो डाग कायमचा.

गड्ड्यात

जानेवारीत संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा, तिलाच आपण गड्डा म्हणतो. पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, सात नंदीध्वज, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा. नवीन माणसाला वाटतं, सगळं किट नेऊ, काय काय मिळेल. तिथे वळायला जागा नसते, पाठीवरची सॅक तुम्हाला कळायच्या आत मागच्याच्या तोंडावर जाते. ‘ओ मालक, बोचकं पुढं घ्या की,’ असं चार वेळा ऐकलं की शहाणपण येतं.

मी तिथे एक बॉडी, एक २४-७० आणि कमरेला एक पाऊच एवढंच नेतो. कॅमेऱ्याचा पट्टा मानेत न घालता आडवा, खांद्यावरून. गर्दीत कुणी ओढला तर गळ्याला फास नको. सॅक नेलीच तर पोटावर. लेन्स आत शिरण्याआधीच लावा, आणि होम मैदानात तर बदलूच नका. पाळण्यांच्या आसपासची ती धूळ एकदा सेन्सरवर बसली की पुढचा आठवडा आकाशाच्या प्रत्येक फोटोत काळे ठिपके. शोभेच्या दारूकामाच्या रात्री ट्रायपॉड लागतो. तो हातात धरून, पाय मिटलेले, टोक खाली. खांद्यावर टाकून चालू नका, मागच्या पोराच्या डोळ्यावर येतो.

नंदीध्वज पेलणारी मंडळी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव करतात. लग्नसराई सुरू व्हायच्या आधी तुम्हीही भरलेली सॅक घेऊन कंबर तलावाला दोन फेऱ्या मारा. कुठला पट्टा काचतो ते तिथे कळलेलं बरं.

नान्नजच्या माळावर

शहरापासून वीसेक किलोमीटरवर नान्नज. माळढोकाच्या नावाने १९७९ मध्ये अभयारण्य झालं. माळढोक आता दिसण्याची आशा धरू नका, पण काळवीट आहेत, लांडगा आहे, धाविक पक्षी आहे, हिवाळ्यात भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. वन खात्याची परवानगी आणि त्यांचे नियम पाळूनच जायचं.

इथे वजनाचा हिशेब बदलतो. १५०-६०० सारखी लेन्स एकटीच दोन किलोच्या आसपास. ती सॅकमध्ये ठेवून उपयोग नाही, काढेपर्यंत काळवीट पार पलीकडच्या बांधावर. कारमध्ये मांडीवर ठेवा, खाली पंचा, वर पंचा. आणि खिडकीवर टेकवायला कापडी पिशवी, जिला सगळे बीनबॅग म्हणतात. भरलेली पिशवी घरून वाहत नेऊ नका. रिकामी न्या आणि वाटेत दोन किलो ज्वारी भरा. आपल्याकडे ज्वारीला तोटा आहे का? लेन्स तिच्यात बसते, डुगडुगत नाही, आणि परत आल्यावर ज्वारी दळायला टाकता येते. माझ्या घरी बायको आधी चाळून घेते, एवढंच.

पायी फिरायची परवानगी असलेल्या भागात एकच धोका कुणी सांगत नाही : कुसळं. वाळल्या गवताची कुसळं मोज्यांत शिरतात तशी सॅकच्या व्हेलक्रोत शिरतात, आणि मग ते व्हेलक्रो चिकटतच नाही. माळावर जाणारी बॅग चेनचीच असावी. आणि सॅक गवतात ठेवू नका, ठेवलीच तर उचलताना आधी खाली बघा. विंचू मी एकदा बघितला, माझ्याच सॅकच्या पट्ट्यावर.

पाऊस

सोलापुरात पाऊस कमी म्हणून कव्हर न ठेवणारे बरेच आहेत. मग सप्टेंबरात वीस मिनिटांत रस्त्याचा ओढा होतो. सॅकचं कव्हर नसेल तर कचऱ्याची मोठी काळी पिशवी घडी करून तळाशी ठेवा, वजन काहीच नाही.

एसी हॉलमधून बाहेर आलं की लेन्सवर वाफ धरते, हे मात्र पावसाळ्यातलं दुखणं. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की सहसा होत नाही. जुलै ते सप्टेंबर मात्र हॉलमधून निघण्याआधी कॅमेरा सॅकमध्ये घाला, चेन लावा, आणि बाहेर पंधरा-वीस मिनिटं तसाच ठेवा. घाईने पुसू नका, परत धरते.

घरी आल्यावर

कितीही दमलात तरी सॅक तशीच कोपऱ्यात टाकू नका. कार्डं आधी कॉम्प्युटरवर, दोन ठिकाणी. मग किट बाहेर काढून झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा; फोम ओलावा धरून ठेवतो आणि महिनोन्महिने सॅकमध्येच राहिलेल्या लेन्सला बुरशी लागते. निळी सिलिका गुलाबी झाली की मंद आचेवर, जुन्या तव्यावर परत निळी होईपर्यंत तापवायची. भाकरीच्या तव्यावर करू नका, घरात वाद होतात. पट्ट्यांची शिलाई बघा, एक टाका जरी उसवला असेल तर मोचीकडून डबल शिलाई मारून घ्या.

शेवटी रिकामी सॅक गच्चीवर उलटी धरून झटका. परवा माझ्या सॅकमधून पडलं ते : बराचसा धुरळा, चार कुसळं, एक रबर, फ्लॅशचा हरवलेला पाय, आणि तीन लग्नांच्या अक्षता, दोन पिवळ्या आणि एक कुठल्यातरी हौशी घरची गुलाबी. चिमण्या लगेच आल्या.